राजा-राणीखालचा कॉम्प्युटर

दत्तोजीराव एच. डी. कोटे गावाहून हात हलवत परत आले, तेव्हा त्यांच्या पुढच्या खोलीत राजा-राणी विराजमान झाले होते आणि भिंतीलगत रचून ठेवलेले सगळे कॉम्प्युटर नाहीसे झाले होते.

"नोडी, बघा तरी कसं दिसतंय," कुसुमावती पदराला हात पुसत म्हणाल्या.

"कॉम्प्युटर कुठे गेले?"

"कुठं जातात? खालीच आहेत."

दत्तोजीरावांनी निरखून पाहिलं. दर नवरात्रात त्या खोलीत बाहुल्यांची आरास व्हायची. यंदाही झाली होती. पांढऱ्या धोतरांनी झाकलेल्या पायऱ्या, तळाला शेट्टी आणि शेट्टम्मा यांचं वाणसामानाचं दुकान, मध्ये वाजंत्री, हत्ती, पालखी, आणि सर्वांत वर कुसुमावतींच्या माहेराहून, म्हणजे बेट्टदपुराहून, लग्नात आलेले लाकडी राजा-राणी. फक्त पायऱ्या यंदा जरा चौकोनी आणि ओळखीच्या वाटत होत्या.

"लाकडाच्या पायऱ्या गेद्दलनं खाल्ल्या की हो! वाळवीनं. पेटी उघडली तर सुम्मने, नुसता भुगा. घट बसायची वेळ झालेली, मी काय करू? हे डबे तीन वर्षं सुम्मनेच पडलेत म्हणून रचून टाकले."

"डबे नाहीत ते. आत्ताच्या आत्ता उतरव."

"बेडा!" कुसुमावती गरजल्या. "एकदा राजा-राणी बसले की विजयादशमीपर्यंत हलवायचं नाही. तुमच्या काकांनी त्या वर्षी राणीला स्वल्प डावीकडं सरकवलं. त्याच वर्षी तुमचा कारखाना बंद पडला. आठवतंय की विसरलात?"

दत्तोजीरावांना आठवत होतं. कारखाना बंद पडण्याची खरी कारणंही त्यांना तोंडपाठ होती. पण त्यातलं एकही कारण राणीच्या कारणाइतकं थोडक्यात सांगता येण्याजोगं नव्हतं. ते मुकाट्यानं मोरीकडे पाय धुवायला गेले.

त्या डब्यांचं नाव होतं 'कारंजी'. ऐंशीच्या दशकात मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यानं तालुक्यातल्या दूध सोसायट्यांसाठी हा कॉम्प्युटर काढला होता. पडदा आणि पोट एकाच पत्र्याच्या पेटीत, वर सपाट झाकण, मागे एक लांबट खाच. दत्तोजीराव तिथे नियोजन विभागात होते. त्यांचं नियोजन इतकं चोख असे, की कारखाना बंद कसा करायचा याचं नियोजनही शेवटी त्यांच्याकडेच आलं आणि कारखान्याच्या इतिहासात वेळेवर पार पडलेलं ते एकमेव काम ठरलं. निघताना त्यांनी भंगारातल्या काही कारंज्या घरी आणल्या. लोक निवृत्तीनंतर कुत्रं पाळतात, तसं.

त्यातली एकच जिवंत होती. बटण दाबलं की तिचा पंखा घुरघुरे, हिरवा दिवा लागे; पडदा मात्र काळा तो काळाच. "प्राण आहे, वाचा नाही," असं गोपाळरावांचं निदान होतं. गोपाळराव त्याच कारखान्यात डिझाइनला होते आणि आता मागच्याच गल्लीत एकटे राहत. जुनी ऑपरेटिंग सिस्टिम ज्या फ्लॉप्यांवर होती, त्यांना केव्हाच बुरशी लागली होती. तेव्हा नवी सिस्टिम लिहायची, म्हणजे कारंजी बोलू लागेल, असं दोघांनी ठरवलं. त्याला तीन वर्षं होऊन गेली.

लिहायची म्हणजे आधी तिचं नियोजन आलं. दर रविवारी बैठक भरू लागली. तिसरा होता अरुण, सांगलीहून नोकरीसाठी येऊन याच वस्तीत, अग्रहारात, बिऱ्हाड केलेला. ज्या कामाला तो आठवडाभर ऑफिसात वैतागे, तेच काम फुकट करायला रविवारी धावत येई. पण त्याला काम कोणी करू देईना. सिस्टिमला पासवर्ड हवा की नको, यावर एक अख्खा उन्हाळा गेला. हवा, असं गोपाळराव म्हणत. आपण दोघंही विसरू, असं दत्तोजीराव म्हणत. कारंजीला चालणारा प्रिंटर आता पृथ्वीतलावर शिल्लक नव्हता, तरी त्याची सोय ठेवावी की नाही यावरून दोघे महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. बैठकीला मात्र येत होते.

"काका, एखादी ओळ तरी लिहून बघू या का?" अरुण अधूनमधून विचारी.

"आधी पाया," दत्तोजीराव म्हणत. "पाया कच्चा राहिला म्हणून कारखाना बुडाला."

"पाया तुझ्याच विभागाकडं होता रे," गोपाळराव म्हणत, आणि त्या दिवशीची बैठक तिथेच संपे.

असं सगळं सुरळीत चालू असताना, गणपती झाल्यावर, गोपाळरावांनी सांगितलं की त्यांचा मुलगा सुदीप त्यांना कॅनडाला कायमचं बोलावतोय. "मुलगा बोलावतोय, नाही कसं म्हणायचं? एन माडोदु? काय करणार?" नवमीच्या रात्रीचं बेंगळुरूहून विमान होतं. त्यांनी घर सोडल्याचं मालकांना कळवलं, पलंग देवळाच्या भटजींना दिला आणि कुकर कुसुमावतींना.

दत्तोजीराव त्या दिवसापासून नीट जेवले नाहीत. बायको-मुलांशी बोलायच्या गोष्टी वेगळ्या आणि गोपाळशी भांडायच्या गोष्टी वेगळ्या. या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी आता कोणाशी करायच्या, हे त्यांना कळत नव्हतं. निदान गोपाळ जाण्याआधी एकदा, एकदाच, तो पडदा उजळलेला दोघांनी मिळून पाहावा. नाहीतर तीन वर्षांचे सगळे रविवार वाया गेले, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. ऐनवेळी दगा नको म्हणून दुसरी जिवंत कारंजी शोधायला ते एच. डी. कोटेला गेले. एका बंद पडलेल्या दूध सोसायटीत कारंजी होतीही. पण तिच्या पोटात कोंबडी अंड्यांवर बसली होती, आणि पिल्लं निघेपर्यंत हात लावू देणार नाही, असं सेक्रेटरीनं सांगितलं. आणि घरी येऊन पाहतात तर इथे राणी बसलेली.

संध्याकाळी तिघंही आराशीपुढे उभे राहिले. चेहरे असे, की पाहणाऱ्याला वाटावं, धोतराखाली कुणी गेलेलं माणूस आहे.

"यातली आपली कुठली?" अरुणनं हळूच विचारलं.

"सर्वांत वरची. राजा-राणीखालची," दत्तोजीराव म्हणाले. "रोज पुसायचो मी तिला. स्वच्छ दिसली म्हणून हिनं तीच राजाला दिली."

"काकूंना सांगून फक्त तेवढीच..."

"कारखाना बंद पडला होता," दत्तोजीराव म्हणाले. यावर अरुणला काही समजलं नाही, पण गोपाळरावांनी गंभीरपणे मान हलवली.

"तर मग," गोपाळराव म्हणाले, "आधी एक बैठक घेऊ."

पण बैठक घ्यायची कुठे? पुढची खोली रोज संध्याकाळी गोंबे, म्हणजे बाहुल्या, बघायला येणाऱ्या बायकांनी भरलेली. स्वयंपाकघरात नैवेद्याची उसळ. गोपाळरावांच्या घरी बसायला खुर्ची उरली नव्हती. अरुणच्या घरी जाणं शक्य नव्हतं, कारण तो दर रविवारी मराठी मंडळाच्या कामाला जातो, अशी त्याच्या बायकोची, सुनंदाची, समजूत होती आणि ती समजूत त्यानंच करून दिली होती. अशा रीतीनं, नियोजन करायला जागाच न उरल्यामुळे कामाला सुरुवात झाली.

अरुण ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत सिस्टिम लिही. पासवर्ड नाही, प्रिंटर नाही, काही नाही. पडदा उजळावा आणि दाबलेलं अक्षर उमटावं, बस्स. लिहिलेलं तो एका छोट्या पट्टीवर भरून आणी. ती पट्टी कारंजीच्या मागच्या खाचेत बसवायची. आरास आणि भिंत यांच्यामध्ये एका माणसापुरती फट होती. त्यात तो कीबोर्ड मांडीवर घेऊन बसे. हे सगळं संध्याकाळीच, कारण दिवसा त्याला नोकरी होती. आणि संध्याकाळी बायका. कुसुमावतींना एवढंच सांगितलं होतं, की मागच्या दिव्यांची वायर सैल आहे आणि अरुण ती धरून बसतो.

पडद्यावर काय दिसतंय ते मागून कळण्यासारखं नव्हतं. म्हणून गोपाळरावांना पुढे सतरंजीवर बसवलं. पडदा काळाच असला तर त्यांनी "शिव शिव" म्हणायचं, असं ठरलं. पाहुण्या बायका भक्तिगीतं म्हणत, आणि मध्येच एकटे गोपाळराव खोल आवाजात "शिव शिव" म्हणत. बायकांना त्यांची फार दया येई.

"परदेशी चालले म्हणे. इथलं सगळं सुटतंय, म्हणून देवाचं नाव घेतात," एक जण म्हणाली आणि तिनं त्यांच्या द्रोणात आणखी उसळ वाढली.

रोज "शिव शिव". रोज चण्याची उसळ. ललितापंचमीपर्यंत गोपाळरावांच्या पोटात वात धरला आणि दत्तोजीरावांच्या मनात. अरुण रोज रात्री उशिरा घरी जाऊन ऑफिसात रिलीज असल्याचं सांगे. सप्तमीला त्यानं फटीतून बाहेर येताना पालखीच्या एका भोयाचा हात मोडला. कुसुमावतींनी तो गव्हाच्या खळीनं चिकटवला आणि वायर इतकी सैल कशी, असं पहिल्यांदाच विचारलं. दत्तोजीरावांच्या डोळ्यांपुढे फक्त नवमी दिसत होती.

अष्टमीला खोली तुडुंब भरली. अरुण मागे, गोपाळराव पुढे, दत्तोजीराव दाराशी चपला सांभाळल्यासारखे उभे. आणि त्याच चपलांमध्ये चपला काढून सुनंदा आत आली.

"या, या," कुसुमावती म्हणाल्या. "इतकी वर्षं शेजारी राहता, तुम्हाला बोलवायचंच राहून गेलं होतं बघा."

दत्तोजीराव आराशीकडे पाहून मोठ्यानं खोकले. त्या खोकल्याचा अर्थ आधी ठरलेला नसल्यामुळे मागून अरुणनं काहीच केलं नाही.

सुनंदा बसली, तिनं कुंकू लावून घेतलं, राजा-राणीकडे कौतुकानं पाहिलं. मग, हे नवऱ्यानंही बघायला हवं असं वाटून, की काय कोण जाणे, तिनं फोन लावला.

राजाच्या पाठीमागे फोन वाजला.

गाणं थांबलं. फोनही थांबला. आणि राजा दबक्या आवाजात म्हणाला, "बोल. मीटिंगमध्ये आहे."

"कुणाबरोबर?" सुनंदानं फोनमध्येच विचारलं, पण तिची नजर राजावरून हलली नाही.

"सगळी टीम आहे. रिलीज आहे ना."

"तुझ्या टीमच्या इथे उदबत्ती लावलीय का रे अरुण? कारण धूर तुझ्या डोक्यावरून येतोय."

मागे धडपड झाली. अरुण घाईघाईनं उठायला गेला, त्याचं कोपर कारंजीच्या पाठीला लागलं आणि अख्खी आरास गदागदा हलली. "राणी!" कुसुमावती किंचाळल्या. दत्तोजीराव चपला तुडवत धावले, गोपाळरावांनी द्रोण टाकून शेट्टी-शेट्टम्मांना कवेत घेतलं. राणी झुलली, वाकली, आणि परत आपल्या जागी घट्ट बसली. कोपराच्या त्या धक्क्यानं पट्टी मात्र खाचेत पुरती शिरली होती. राणीच्या पायांखालच्या पांढऱ्या धोतरातून एक छोटा हिरवा चौकोन उजळला आणि शांतपणे लुकलुकू लागला.

"एष्टु चेन्नागिदे!" कुणीतरी बाई हात जोडून म्हणाली. "किती छान दिवा केलाय!"

अरुणनं मागून कुठलीतरी कळ दाबली. चौकोनाच्या जागी एक अक्षर उमटलं आणि चौकोन एक घर पुढे सरकला.

गोपाळराव त्या अक्षराकडे बघत राहिले. "शिव शिव" म्हणायचं ते विसरले. मग म्हणाले, "बोलली."

"बोलली," दत्तोजीराव म्हणाले.

अरुण कोळिष्टकांसकट बाहेर आला आणि सुनंदापुढे मान खाली घालून उभा राहिला. "तीन वर्षं मी सगळ्यांना अभिमानानं सांगत होते, माझा नवरा मराठी मंडळ चालवतो म्हणून," ती म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण कुसुमावतींनी तिच्या हातात उसळीचा द्रोण ठेवला.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. कुसुमावतींनी विळी, शिलाई मशीन, दत्तोजीरावांची सायकल अशा सगळ्यांना हळदकुंकू लावलं, आणि आदल्या दिवशी दिवा लावल्याबद्दल कारंजीलाही धोतर वर करून एक बोट लावलं. पूजेत मांडलेल्या आयुधाला त्या दिवशी हात लावायचा नसतो. त्यामुळे गोपाळराव निरोप घ्यायला आले तेव्हा दोघं मित्र तिच्यापुढे नुसते गुडघ्यांवर हात ठेवून बसले.

"पासवर्ड?" गोपाळरावांनी विचारलं.

"अरुणनं ठेवलाच नाही."

"बरं केलं. अन् प्रिंटर?"

"वगळला."

"हं."

याच्यापुढे बोलायला काहीच उरलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. दत्तोजीरावांनी तो आतमध्ये बराच शोधला, पण सापडला नाही. काम झालं होतं आणि गोपाळ चालला होता. दोन्ही गोष्टी पुसून टाकता येण्यासारख्या नव्हत्या. टॅक्सी आली. गोपाळरावांनी बॅग उचलली, राजा-राणीला नमस्कार केला, दत्तोजीरावांना केला नाही, आणि ते गेले. दत्तोजीराव दारात उभे राहून रडले. कुसुमावतींनी ते पाहिलं आणि आत जाऊन भांडी जरा जोरात घासली.

दशमीच्या रात्री राजा-राणीला आडवं निजवलं. एकादशीला बाहुल्या कापडात गुंडाळून पेटीत गेल्या आणि कारंज्या पुन्हा भिंतीशी रचल्या गेल्या. रविवारी नेहमीच्या वेळेला दत्तोजीराव सवयीनं खुर्च्या मांडून बसले आणि तिसरी खुर्ची उचलून परत ठेवायचा त्यांना धीर होईना. अरुण आला. आता त्याला सुनंदाची रीतसर परवानगी होती, त्यामुळे तोही जरा उदासच होता.

दार वाजलं. बॅग घेऊन गोपाळराव उभे होते.

"आत येऊ ना?" ते म्हणाले.

विमानात बसायच्या आधीच सुदीपचा फोन आला होता. त्याची नोकरी गेली होती. "बाबा, तुम्ही येऊ नका, आम्हीच परत यायचं बघतोय," असं म्हणून तो रडला होता. गोपाळराव बेंगळुरूला भावाकडे काही दिवस तोंड लपवून राहिले आणि बस धरून परत आले. घरमालकांनी घर अजून दुसऱ्याला दिलं नव्हतं. पण घरात पलंग नव्हता, शेगडी नव्हती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"शिट्टी ओळखीची आहे," गोपाळराव म्हणाले.

"इथंच जेवायचं रोज आता," आतून कुसुमावती म्हणाल्या. "साकु! पुरे झालं तुमचं कॅनडा."

सुदीपसाठी वाईट वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. आणि तरी दत्तोजीरावांना इतका आनंद झाला, की त्यांनी गोपाळरावांचा हात धरला आणि सोडायचं विसरले. तिघं खुर्च्यांवर बसले. चहा आला, चहा संपला. रविवार होता, बैठक भरली होती, आणि ठरवण्यासारखं जगात काहीही शिल्लक नव्हतं. पुढचे सगळे रविवार असेच जाणार, या विचारानं दत्तोजीरावांचा आनंद चहापाठोपाठ थंड होत गेला. गोपाळराव छताकडे बघत होते. त्यांनाही तेच वाटत असणार.

"काका, तुम्हाला नीट, जवळून दाखवतो," म्हणत अरुणनं कारंजी टेबलावर आणली, मागे पट्टी बसवली, बटण दाबलं. पंखा घुरघुरला. हिरवा दिवा लागला. पडदा काळा राहिला.

अरुणनं बंद करून परत लावलं. पट्टी काढून, फुंकून, परत बसवली. "असं कसं? तीच पट्टी, तीच सिस्टिम!" त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दत्तोजीराव जवळ गेले. झाकणावर मधोमध, राणीच्या बैठकीच्या आकाराचा पोचा पडला होता. पडद्याची सर्किट-पाटी झाकणाच्या आतूनच स्क्रूनं टांगलेली असते, हे त्यांना ठाऊक होतं. कारखान्यात तो स्क्रू वेळेवर यावा याचं नियोजन त्यांनीच केलं होतं. पाटीवरचा कुठलातरी सोल्डरिंगचा टाका सुटलेला होता. अष्टमीला राणी हलून परत घट्ट बसली, झाकण दबलं, टाका जुळला. तीन वर्षं कारंजी मुकी होती ती सिस्टिमवाचून नव्हे, नुसतं कुणी डोक्यावर हात ठेवला नाही म्हणून.

त्यांनी वर पाहिलं. गोपाळरावांचं बोट त्या पोच्यावर टेकलेलं होतं. दोघांची नजरानजर झाली. गोपाळरावांनी बोट जरासुद्धा न दाबता अलगद उचललं आणि खिशात घातलं.

"मूळ पायाच चुकलाय," ते खुर्चीत ताठ बसत म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या आवाजात धार आली होती. "घाईनं केलं की असं होतं. पहिल्यापासून विचार करावा लागेल."

"पासवर्डसकट," दत्तोजीराव म्हणाले.

"पण अष्टमीला चालली होती हो!" अरुण रडकुंडीला आला.

कुसुमावती स्वयंपाकघराच्या दारात येऊन केव्हापासून उभ्या होत्या. त्यांनी मशीनकडे पाहिलं, झाकणाच्या पोच्याकडे पाहिलं आणि मग पेटीकडे.

"राजा-राणी वर होते तोवर चालत होतं ना हे? मग परत आणून बसवू का त्यांना?"

"बेडा! नको!" दोघं म्हातारे एका सुरात ओरडले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं कशावर तरी एकमत झालं.